‘आपण कुठे टॅक्स भरतो?’ : साताऱ्यातल्या एका घराचा हिशेब

(प्रकरणातली नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मी व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो. रविवारी सकाळी कॉलनीच्या वाचनालयात बसतो आणि ज्याला लागेल त्याला कागदपत्रांत मदत करतो. जुलै २०२४ च्या पहिल्या रविवारी सुनंदाताई आल्या. हातात आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाच्या दोन नोटिसा होत्या आणि मागे, थोडं अवघडून, त्यांचे मिस्टर उभे होते.

घर चार माणसांचं. मिस्टर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात कारकून, हातात २६,००० रुपये. सुनंदाताई घरी ब्लाउज शिवतात, त्याचे साधारण ६,०००. मुलगी बारावी सायन्सला. सासूबाई, ज्यांना सुनंदाताई आत्या म्हणतात, ६८ वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. राहतं घर वडिलार्जित, त्यामुळे भाडं नाही. एकूण मिळकत ३२,०००.

विमा दोन पॉलिसींचा. नवरा, बायको आणि मुलगी मिळून एक, तिचा हप्ता १६,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २,९७० रुपये. आत्यांची वेगळी ३ लाखांची पॉलिसी, हप्ता १८,००० आणि जीएसटी ३,२४०. दोन्ही मिळून ४०,७१० रुपये, म्हणजे एका महिन्याच्या मिळकतीहून ८-९ हजार जास्त. भरायची तारीख १८ जुलै.

मी नोटिशीवरच्या जीएसटीच्या आकड्याखाली रेघ मारून म्हणालो, यातले ६,२१० रुपये निव्वळ कराचे आहेत. मिस्टर पटकन म्हणाले, “आपण कुठे टॅक्स भरतो? टॅक्स साहेबलोक भरतात.”

हे वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकत आलो आहे. प्राप्तिकर लागत नाही म्हणजे आपण करदाते नाही, असं माणसं मनापासून मानतात. आणि मग सरकारी दवाखान्यात, नगरपालिकेत, रेशनच्या दुकानात उभं राहताना फुकट मागायला आल्यासारखी उभी राहतात. मला हे फार लागतं. म्हणून त्या दिवशी मी सुनंदाताईंना सांगितलं, की विम्याचं ठरवूच, पण जुलैभर घरातल्या प्रत्येक खर्चाची पावती, पाकीट, वेष्टन, काही टाकू नका.

अडचण

वरवर पाहिलं तर अडचण एवढीच होती, की ४०,७१० रुपये नाहीत, तर काय सोडायचं? पण हप्त्यातला किती भाग विम्याचा, किती कराचा, हे कळलं कसं? नोटिशीवर जीएसटी वेगळा छापला होता म्हणून. घरातल्या बाकीच्या खर्चात तो असा वेगळा दिसतच नव्हता. वस्तूच्या पाकिटावर ‘कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित’ एवढं लिहिलेलं असतं. ते ‘सर्व कर’ किती, हे लिहिण्याचं बंधन पाकिटावर नाही. पेट्रोल पंपाच्या पावतीवर दर, लिटर आणि रक्कम असते, कराची ओळच नसते.

जे दिसत नाही त्यात कुठे काटकसर करायची आणि कुणाला जाब विचारायचा?

महिन्याचा हिशेब

३१ जुलैला सुनंदाताईंनी शेवयांचा रिकामा पत्र्याचा डबा आणून टेबलावर उपडा केला. साबणाची वेष्टनं, चहाची पुडी, गोळ्यांच्या पट्ट्या, पंपाच्या फिकट पडत चाललेल्या पावत्या, वीजबिल, क्लासच्या पावत्या. दुधाचा हिशेब कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेला होता, ते पानही फाडून आणलं होतं. मुलगी कॅल्क्युलेटर घेऊन बसली.

पेट्रोलपासून सुरुवात केली. दुचाकीला महिन्याला २० लिटर, दर तेव्हा साधारण साडेएकशेचार. त्यात केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला १९ रुपये ९० पैसे. त्यावर राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. हा व्हॅट केंद्राचं शुल्क धरून होणाऱ्या किमतीवर लागतो, म्हणजे करावरही कर. सगळं मिळून लिटरला ४४ रुपयांच्या आसपास. वीस लिटरचे ८८० रुपये.

मुलीनं आकडा दोनदा तपासला. मिस्टर गप्प झाले होते.

विजेचं बिल उघडलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्या सगळ्यांच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. त्यांच्या १,१५० रुपयांच्या बिलावर १८४. ही ओळ दर महिन्याला छापून येते, पण घरात कुणी ती कधी वाचली नव्हती. आपण बिलाची रक्कम आणि शेवटची तारीख पाहतो, बाकी कागद आकडेमोडीचा म्हणून सोडून देतो. मीही माझ्या घरी तेच करत आलो.

किराण्यात तेल, साखर, चहा, मसाले, पाकिटातली डाळ यांवर ५ टक्के. अशा ४,२०० रुपयांच्या मालात कर २००. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं आणि कपडे धुण्याची पावडर यांवर तेव्हा १८ टक्के. १,७७० च्या मालात २७०. तूप आणि फरसाणात ६०. आत्यांच्या गोळ्या आणि इतर औषधांत १२ टक्क्यांनी १२०. सिलिंडरवर ५ टक्के, सुमारे ३८ रुपये. तीन मोबाइलच्या रिचार्जमध्ये १३७. मुलीच्या सॅंडलमध्ये ९६. वाढदिवसाला हॉटेलात गेले त्याचे ३०. बँकेनं किमान शिल्लक नाही म्हणून १५० रुपये कापले आणि त्या दंडावर १८ टक्क्यांनी २७. अस्तराच्या कापडावर ५०.

हे ५० रुपये लहान आहेत, पण त्यांच्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. सुनंदाताईंची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. नोंदणी नाही म्हणून त्या गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेत नाहीत आणि अस्तरावर, दोऱ्यावर, बटणांवर दिलेल्या कराची वजावटही त्यांना मिळत नाही. तो कर त्या शिलाईतच धरतात. त्यांच्या गिऱ्हाइकाला वाटतं, शिलाईवर कुठे कर आहे! भाजी, दूध, सुटे गहू या करमुक्त वस्तूंचंही असंच. दुधावर जीएसटी नाही, पण पिशवीच्या प्लास्टिकवर आहे. कोरेगावहून येणाऱ्या भाजीवर नाही, पण टेम्पोच्या डिझेलवर केंद्राचा आणि राज्याचा दोन्हीचा आहे. हा भाग आम्हाला मोजता आला नाही, म्हणून बेरजेत धरला नाही.

विम्याच्या जीएसटीचा महिन्याचा वाटा ५१८. आणि क्लासचे ७२०, कारण फी ४,००० आणि पावतीवर ‘जीएसटी १८ टक्के’.

एकूण ३,३३० रुपये. ३२,००० च्या मिळकतीत दर शंभराला १० रुपये ४० पैसे.

तेच २० लिटर पेट्रोल महिना ३ लाख मिळवणाऱ्यानं भरलं तरी त्याचा कर ८८० रुपयेच, म्हणजे मिळकतीच्या अर्धा टक्काही नाही. या घरात तो पावणेतीन टक्के होतो. अप्रत्यक्ष, म्हणजे किमतीतूनच घेतल्या जाणाऱ्या, करांविरुद्धचा माझा मुख्य मुद्दा हाच आहे. दर सगळ्यांना सारखा असला तरी भार सारखा नसतो.

क्लासची पावती

बेरीज झाल्यावर मुलीनंच विचारलं, “काका, विम्याच्या नोटिशीवर कंपनीचा जीएसटी नंबर आहे. क्लासच्या पावतीवर का नाही?”

पावती पुन्हा पाहिली. ‘जीएसटी क्र.’ असं छापलेलं होतं आणि पुढची जागा कोरी. मे, जून, जुलै, तिन्ही पावत्यांवर तेच. जीएसटीचा क्रमांक १५ अंकाक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. तो असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही, लॉगिन न करता, कुणाच्या नावावर आहे ते पाहता येतं. नसेल तर त्या व्यवसायाला कर गोळा करायचा अधिकारच नाही. नोंदणी नसलेल्यानं कर घेऊ नये असं कायदा स्पष्ट सांगतो.

म्हणजे आमच्या हिशेबातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा ‘कर’ सरकारकडे जात होता, असं मानायला कागदावर काही आधारच नव्हता. कर डोळ्याआड असला की त्याच्या नावाखाली दुसराही कुणी पैसे घेऊ शकतो, हे त्या कोऱ्या जागेनं दाखवलं.

इथे तीन वाटा होत्या. जीएसटी कार्यालयात लेखी तक्रार करायची, क्लास बदलायचा, किंवा आधी क्लासलाच विचारायचं. सुनंदाताई तक्रारीला तयार नव्हत्या. बारावीचं वर्ष, मुलीला त्याच वर्गात बसायचंय, शिक्षक चांगले आहेत. क्लासच्या काउंटरवर आधी एकदा तोंडी विचारलं होतं, तेव्हा “रोख द्या, पावती नको असेल तर अठरा टक्के लावत नाही” असं उत्तर मिळालं होतं. मिस्टरांना ती वाट बरी वाटत होती. महिन्याला ७२० वाचतात, मग कशाला वाद? पण पावती सोडली तर फी दिल्याचा पुरावाच जातो. वर्ष अर्ध्यात सुटलं, वर्ग बंद पडला, तर दाखवायला हातात काही राहत नाही. यावर घरात दोन दिवस बोलणं झालं.

शेवटी पाच ओळींचं पत्र लिहिलं. भाषा साधी ठेवली: आमच्या तीन पावत्यांवर जीएसटी घेतलेला आहे, कृपया आपला नोंदणी क्रमांक कळवावा, नोंदणी नसल्यास घेतलेली रक्कम पुढील फीमध्ये वळती करावी. दोन प्रती काढल्या आणि एकीवर पोच घेतली. आठ दिवसांनी फोन आला आणि २,१६० रुपये ऑगस्टच्या फीत वळते झाले. पुढच्या पावत्यांवर जीएसटीची ओळ नव्हती.

हिशेब बदलला: ३,३३० तून ७२० वजा, २,६१०. मिळकतीच्या ८ टक्क्यांहून थोडा जास्त. हा खरा कर.

विम्याचा निर्णय

दोन पॉलिसींचं काय करायचं, यावर चार पर्याय समोर होते. दोन्ही भरायच्या आणि त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढायचं. दोन्हींचं संरक्षण कमी करून हप्ता उतरवायचा. आत्यांची पॉलिसी बंद करून महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर भरवसा ठेवायचा, कारण ती आता राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी, वर्षाला ५ लाखांपर्यंत, झाली होती. किंवा तीच पॉलिसी बंद करून २१,२४० रुपये बारा महिन्यांत वाटून, महिना १,७७० प्रमाणे, आवर्ती ठेवीत टाकायचे.

प्राप्तिकर भरणाऱ्याला जुन्या पद्धतीत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर, त्यातल्या जीएसटीसकट, वजावट मिळते. ज्याला प्राप्तिकरच लागत नाही त्याला ती कशातून मिळणार? म्हणजे विम्यावरच्या कराचा पूर्ण बोजा पडत होता तो ज्याची ऐपत कमी त्याच्यावर. ही गोष्ट मला तेव्हाही अन्यायाची वाटली आणि मी ती तावातावानं बोलूनही दाखवली.

१८ जुलैला कुटुंबाची पॉलिसी भरली. आत्यांच्या पॉलिसीला ३० दिवसांची सवलतीची मुदत होती, ती १७ ऑगस्टपर्यंत. जुलै संपता संपता बातमी आली, की नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून जीवन आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढायची मागणी केली आहे. नागपूरच्या विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून ते पत्र लिहिलं होतं. घरात उत्साह आला. मिस्टर म्हणाले, “आता एक-दोन महिन्यांत कर जातोय. तेव्हा नवी घेऊ की!” मी त्यांना अडवलं नाही.

१७ ऑगस्ट उलटून गेला. आत्यांची पॉलिसी संपली. आवर्ती ठेव सुरू झाली.

९ सप्टेंबर २०२४ ला, जीएसटीचे दर जिथे ठरतात त्या जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि विम्याचा विषय मंत्रिगटाकडे गेला.

किराण्यात जे बदललं

जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पिठावर ५ टक्के लागतात, पण २५ किलोपर्यंतच. त्याहून मोठ्या पिशवीवर लागत नाहीत. म्हणून बाजारात २६ किलोची पोती आली. सुनंदाताईंच्या किराणावाल्यानं ते एका वाक्यात सांगितलं होतं: “ताई, हा एक किलो तांदूळ खायला नाही, टॅक्स वाचवायला आहे.” शेजारच्या दोघींबरोबर त्यांनी असं एक पोतं आणलं आणि घरच्या वजनकाट्यावर वाटून घेतलं. वाचले ते पोत्यामागे साठेक रुपये. तीन घरांत वाटले तर वीस-वीस. कष्टाच्या मानानं काहीच नाही. पण त्यांनी ते सोडलं नाही, आणि का सोडलं नाही ते मला समजतं.

तेलाची गोष्ट याहून वेगळी. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं. तोवर ते शून्य होतं. देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे किराणा दुकानात भाव चढला. पिशवीवर मात्र कर तोच, ५ टक्के. वाढलेला भाग मूळ किमतीत मुरून गेला.

सुनंदाताईंचा भाऊ कराडजवळ सोयाबीन करतो. त्याला आधार मिळावा म्हणूनच हे शुल्क वाढवलं, असं सांगितलं गेलं आणि हेतू चुकीचा नव्हता. पण त्या हंगामात बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं जात राहिलं. बहिणीनं तेल महाग घेतलं आणि भावाला हमीभावही मिळाला नाही. भाऊबीजेला दोघांनी हे एकमेकांना सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की दोघं एकाच व्यवहाराबद्दल बोलतायत.

पुढे काय झालं

फेब्रुवारी २०२५ मध्ये आत्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रात्रीची वेळ, जवळचं रुग्णालय गाठलं. ते जन आरोग्य योजनेच्या यादीत नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि तोवर शस्त्रक्रियेची तयारी झाली होती. बिल १,३५,००० रुपये. आवर्ती ठेवीत सात हप्त्यांचे १२,३९० जमले होते. सुनंदाताईंच्या बांगड्या आणि गंठण ठेवून ९०,००० उचलले, बाकीचे भावानं दिले. त्या सोनेतारण कर्जाच्या प्रक्रिया शुल्कावरही १८ टक्के जीएसटी होता. ती पावतीही डब्यात आहे.

पॉलिसी चालू असती तर अपघाताचा हा खर्च तिच्यात बसला असता.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरला २ रुपयांनी वाढवलं. पंपावरचा दर मात्र हलला नाही. कच्चं तेल स्वस्त झालं होतं, त्यातून गिऱ्हाइकाला मिळू शकले असते ते दोन रुपये शुल्कात गेले. मिस्टरांनी त्या आठवड्यात नेहमीसारखं पेट्रोल भरलं. भाव वाढला असता तर घरात बोलणं झालं असतं, पंपावर कुणीतरी चिडलं असतं. भाव स्थिर ठेवून कर वाढला आणि कुणालाही कळलं नाही. त्याच सुमारास सिलिंडर ५० रुपयांनी महागला. त्यावर मात्र सगळी गल्ली बोलली, कारण ते दिसत होतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर आले. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला, आत्यांची पॉलिसी संपून तेरा महिने उलटल्यावर. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, औषधं आणि फरसाण १२ वरून ५ वर. डबा पुन्हा टेबलावर आला. जुन्या वेष्टनांशेजारी नवी वेष्टनं ठेवली. ४० रुपयांचा साबण ३६ ला झाला होता, म्हणजे हिशेबानं बरोबर. ११८ ची टूथपेस्ट १०५ ला. एका स्थानिक फरसाणाचं ११२ चं पाकीट मात्र ११२ लाच राहिलं, ते १०५ च्या आसपास यायला हवं होतं. नफेखोरीविरुद्ध जीएसटी कायद्यात जी तक्रारीची सोय होती, तिच्यात १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणं बंद झालं आहे. दर कपातीचा सगळ्यात मोठा टप्पा आला, तेव्हा ते दार बंद होतं. मला हे अजिबात पटलेलं नाही. सुनंदाताईंनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नोव्हेंबरात तेच पाकीट १०६ ला आलं.

ऑक्टोबर २०२५ चा हिशेब मुलीनं एकटीनं केला. एकूण कर १,७६७ रुपये. विम्याचा गेला, क्लास संपला, बँकेतलं न वापरलेलं खातं बंद केल्यामुळे दंड आणि दंडावरचा करही गेला. पण त्या १,७६७ पैकी ९२० एकट्या पेट्रोलचे, म्हणजे निम्म्याहून जास्त. जे जीएसटीत आलं तिथे दर खाली आले. जे जीएसटीबाहेर ठेवलं, तिथला भार थोडा वाढलाच.

आत्यांसाठी नवी पॉलिसी विचारली. कर शून्य, पण हप्ता २९,००० आणि आधीच्या आजारांचा खर्च मिळायला पुन्हा तीन वर्षांची प्रतीक्षा. त्यांनी घेतली नाही. ७० पूर्ण झाल्यावर आयुष्मान भारतमध्ये वयाच्या आधारावर कार्ड मिळतं, त्याची वाट पाहताहेत. बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

आत्यांच्या पॉलिसीबाबत चूक माझी जास्त. मी कराचा हिशेब मांडला आणि त्या ३,२४० रुपयांचा राग घरात भरला. पण १८,००० रुपयांत काय मिळतंय, वर्षानुवर्षं चालू असलेल्या पॉलिसीत प्रतीक्षेचा काळ संपलेला असतो आणि एकदा खंड पडला की तो नव्यानं सुरू होतो, हे मी सांगायला हवं होतं. कर अन्यायाचा होता हे खरं, पण तो अन्याय आहे म्हणून वस्तू सोडायची का, हा वेगळा प्रश्न होता आणि आम्ही दोन्ही एकत्र करून टाकले. त्यात बातमीवर विसंबलो. मागणीचं पत्र निघणं आणि दर बदलणं यांत वर्षाहून जास्त अंतर पडलं. सवलतीच्या मुदतीत संरक्षण कमी करून, हप्ता उतरवून, पॉलिसी चालू ठेवणं हा मधला पर्याय होता. तो आम्ही नीट विचारलाच नाही.

योजनेतल्या रुग्णालयांची यादी आधी काढून भिंतीवर लावता आली असती. हे दहा मिनिटांचं काम होतं.

क्लासच्या बाबतीत निर्णय घरापुरता बरोबर होता. मुलगी त्याच वर्गात बसली, चांगले गुण मिळवून आता बी.एस्सी.ला आहे. पण आम्ही आमचे २,१६० रुपये परत घेतले आणि गप्प बसलो. त्या वर्गात आणखी मुलं होती. त्यांच्या पावत्यांवर काय छापलं जात होतं हे आम्ही विचारलं नाही, आणि सुनंदाताईंना ते सलत राहिलं. मुलीचं वर्ष संपल्यावर तरी लेखी तक्रार द्यायला हरकत नव्हती. तेव्हा आत्यांचं दुखणं चालू होतं, ते राहून गेलं.

गेल्या रविवारी त्याच क्लासमधल्या नव्या बॅचच्या दोन मुलांच्या आया वाचनालयात आल्या. सुनंदाताईंनीच पाठवल्या होत्या. पावत्यांवर पुन्हा ‘जीएसटी १८ टक्के’ आणि क्रमांकाची जागा कोरी. या वेळी पत्र क्लासच्या नावानं न लिहिता राज्य कर विभागाच्या सातारा कार्यालयाच्या नावानं लिहिलं आहे. सुनंदाताईंनी आपल्या तीन जुन्या पावत्यांच्या प्रती डब्यातून काढून सोबत जोडल्या आणि पहिली सही केली.